कीड येत नाही, कीड वाढते

(जिल्हा बैठकीच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



दुपारच्या सत्रात भावाचा विषय आहे. त्यावर तुम्हीच बोलायचे आहे. सकाळचे हे सत्र हिशेबाचे आहे. हिशेब कर्जाचा नाही, किडीचा.

पऱ्हाटीवर बोंडअळी दिसली की गावात एकच वाक्य ऐकू येते : "यंदा अळी आली." जशी काही ती कुठल्या तरी गाडीने आली आणि पुढच्या गाडीने जाणार. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आज तुमच्यापुढे एकच गोष्ट मांडणार आहोत. अळी येत नाही, अळी वाढते. जे येते त्याच्यापुढे माणूस हात जोडून उभा राहतो. जे वाढते त्याचा हिशेब मांडता येतो, आणि हिशेब मांडला की तो कुठे तोडायचा हे कळते.

असा हिशेब मांडणारे एक शास्त्र आहे. त्याला जीवसंख्येचे शास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण आत जे आहे ते तुमच्या गोठ्यातलेच आहे.

चार खाती

गोठ्यातल्या शेळ्यांची संख्या वर्षभरात कशी बदलते? काही करडे जन्मली, काही शेळ्या मेल्या, काही बाजारातून आणल्या, काही विकल्या. जन्म, मृत्यू, आवक, जावक. पाचवे खाते नाही. वाघ असो, मासा असो, नाही तर कापसावरची अळी असो, सगळ्यांचा हिशेब या चार खात्यांतच बसतो.

आता आपण काय करतो ते पाहा. अळी दिसली की औषधाचा डबा आणतो. डबा फक्त एका खात्यात नोंद करतो, मृत्यूच्या. जन्माचे खाते चालूच राहते, शेजारच्या शेतातून होणारी आवक चालूच राहते. चारांपैकी एकाच खात्यावर सगळा पैसा ओतायचा आणि शिल्लक का जुळत नाही म्हणून कपाळावर हात मारायचा, असा आपला व्यवहार आहे.

गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घेऊ. एक मादी साधारण १०० ते २०० अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंडे फुटते. अळी लगेच फुलात नाही तर बोंडात शिरते, आणि तिच्यामागे छिद्र बुजून जाते. आत दोनेक आठवडे खाते, मग आठवडा-दहा दिवस कोषात राहते आणि पतंग होऊन निघते. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत महिनाभर लागतो. थंडीत थोडा जास्त.

गुणाकार

समजा, ऑगस्टच्या मध्याला तुमच्या शेतात पतंगांचे एकच जोडपे आहे. मादीने १५० अंडी घातली. त्यातली १३० अंडी-अळ्या पावसाने, उन्हाने, मित्रकिडींनी मेली असे धरू. इतकी मेली तरी २० उरली. म्हणजे १० जोडपी. हा आकडा हिशेबासाठी धरलेला आहे, वर्षावर्षाला तो कमीजास्त होतो. पण पुढे पाहा. सप्टेंबरात १० जोडपी. ऑक्टोबरात १००. नोव्हेंबरात १,०००. डिसेंबरात १०,०००. आणि पऱ्हाटी उभीच ठेवली तर जानेवारीत १ लाख.

तुम्ही म्हणता, "दिवाळीपर्यंत काहीच नव्हते, एकाएकी सगळी बोंडे किडली." एकाएकी काही झालेले नाही. दर महिन्याला तोच दहाचा गुणाकार चालू होता. एकाची दहा झाली तेव्हा कुणाला दिसले नाही. हजाराची दहा हजार झाली तेव्हा वेचणीला गेलेल्या बायांच्या ओटीत कवडी आली, आणि मग गावाला कळले.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात, त्या गाठीला बांधून ठेवा. पहिली : ऑगस्टातले एक जोडपे थांबवणे म्हणजे डिसेंबरातली दहा हजार थांबवणे. दुसरी : सगळ्या हंगामात जेवढी जोडपी झाली, त्यातल्या दर दहांमागे नऊ शेवटच्या एका पिढीत झाली. म्हणजे या साखळीचे सुरुवातीचे टोक आणि शेवटचे टोक, ही दोनच टोके हाताला लागण्यासारखी आहेत. मधल्या भागात आपण फक्त पैसा जाळतो.

वाढ कुठे थांबते

मग अळी वाढत वाढत आभाळाला का टेकत नाही? तेही गोठ्यातच कळते. तुमच्याकडे चार जनावरांचा कडबा असेल आणि तुम्ही दहा जनावरे बांधली, तर काय होते? दूध आटते, गाई माजावर येत नाहीत, एखादे दगावते. जन्म घटतात, मृत्यू वाढतात आणि संख्या कडब्याच्या मापाला येऊन थांबते. इंग्लंडातल्या माल्थस नावाच्या गृहस्थाने १७९८ साली लिहिले की जीव गुणाकाराने वाढतात आणि अन्न त्या वेगाने वाढत नाही. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ साली त्याचे गणित मांडले : वाढ आधी हळू, मग वेगात, आणि मर्यादा जवळ आली की पुन्हा हळू.

बोंडअळीचा कडबा म्हणजे हिरवी बोंडे. तो किती आणि किती दिवस शेतात ठेवायचा, हे कोण ठरवतो? आपणच ठरवतो. दीडशे दिवसांत आटोपणारे पीक आणि दोनशे-सव्वादोनशे दिवस उभे राहणारे पीक, यांत अळीच्या दोन पिढ्यांचा फरक आहे. दोन पिढ्या म्हणजे दोनपट नव्हे. आपल्याच हिशेबाने शंभरपट.

ज्वारीत हेच घडते. खोडमाशी रोपावर पहिला महिनाभरच लागते. तिची पिढी तीन आठवड्यांची. सगळ्या गावाने पहिल्या पावसावर एकदम खरीप ज्वारी पेरली, तर माशा थोड्या आणि कोवळी रोपे अफाट. माश्यांची संख्या वाढेपर्यंत ज्वारी हाताबाहेर गेलेली असते, म्हणजे माशीच्या हाताबाहेर. पण पेरणी महिनाभर लांबत गेली, तर पहिल्या पेऱ्यावर पोसलेली पिढी शेवटच्या पेऱ्यावर उतरते आणि पोंगेमर होते. माशीला औषध न लावता नुसत्या पेरणीच्या तारखेने ज्वारी वाचते ती यामुळे.

हिरवी आणि गुलाबी

प्रत्येक किडीचा स्वभाव सारखा नसतो. हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन अळी म्हणतात, ती कापूस खाते, तूर खाते, हरभरा खाते, टमाटा खाते, ज्वारीच्या कणसातही शिरते. एक पीक संपले की दुसऱ्यावर जाते. तिचा कडबा बारमाही आहे. गुलाबी अळीचे तसे नाही. भेंडी-अंबाडीसारखी थोडी झाडे सोडली तर तिचा संसार कापसावर. कापूस संपला की तिला उपास.

म्हणून ती एक युक्ती करते. दिवस लहान झाले, थंडी पडली, की काही अळ्या कोषात न जाता झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात, किडक्या बोंडात, पऱ्हाटीखालच्या मातीत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्या जाग्या होतात आणि पतंग होऊन निघतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील, तर ते पतंग थोड्या दिवसांत निपुत्रिक मरतात. पण गावात कुणी मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर कापूस लावला असेल, तर त्या पात्यांवर पहिली पिढी वाढते आणि ऑगस्टात तीच सगळ्या गावाच्या कोरडवाहू पऱ्हाटीवर येते.

हिरव्या अळीला उपाशी ठेवता येत नाही. गुलाबीला येते. आज आम्हाला जे सांगायचे आहे त्याचे मूळ इथे आहे.

फवारणी किती दिवस पुरते

फवारणीचे गणितही याच गुणाकारात बघा. फवारणीने शंभरांतल्या ऐंशी अळ्या मेल्या असे धरू. खरे म्हणजे बोंडातल्या अळीपर्यंत औषध पोचतच नाही, तरी धरू. वीस उरल्या. पुढच्या पिढीत विसांच्या दोनशे झाल्या. म्हणजे फवारणीच्या आधी होत्या त्याच्या दुप्पट. ऐंशी टक्के मारणाऱ्या फवारणीने तुम्हाला तीन आठवडे मिळाले, त्यापेक्षा जास्त काही नाही.

मावा-तुडतुड्यांच्या बाबतीत आणखी वाईट होते. त्याची गोष्ट इटलीतून आली आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी कमी झाली. तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत मासे खाणाऱ्या शार्कसारख्या माशांचा वाटा वाढल्याचे दिसले. असे का, हे व्होल्टेरा नावाच्या गणितज्ञाने १९२६ साली मांडून दाखवले. जाळे दोघांनाही सारखेच मारते. पण खाणारा उशिरा सावरतो, कारण त्याचे पोट भक्ष्यावर अवलंबून असते. जाळे थांबले की खाणाऱ्याचा फायदा, जाळे वाढले की भक्ष्याचा फायदा. जाळ्याच्या जागी फवारणी ठेवा. मावा हे भक्ष्य, ढालकिडा आणि क्रायसोपा हे खाणारे. औषध दोघांनाही मारते. मावा आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा भरतो, ढालकिड्याला वेळ लागतो. पेरणीनंतरची पहिली फवारणी जितकी लवकर आणि जितकी जहाल, तितकी पुढची फवारणी नक्की.

या फेऱ्याचे शेवटचे टोक आपण २०१७ साली पाहिले. त्या हंगामात गुलाबी अळीने राज्यभर बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले. मृत्यूचे खाते किडीसाठी उघडले होते, नोंद माणसांची झाली.

बीटी का हरली

तुम्ही विचाराल, बीटी होती ना? होती. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांची बीटी २००६ साली आली. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, हे तुम्ही अनुभवले आहे. पण २००९-१० मध्ये गुजरातेत गुलाबी अळीने पहिल्या जनुकाला दाद दिली नाही, आणि पुढे दुसऱ्यालाही देईनाशी झाली.

यात अळीने काही हुशारी केलेली नाही. लाखो अळ्यांत एखाददुसरी जन्मतःच विष पचवणारी असते. बीटीच्या शेतात बाकी सगळ्या मरतात, ती उरते. तिच्या पतंगाला जोडीदार कोण मिळतो, यावर सगळे अवलंबून आहे. जवळ साधा कापूस असेल, तर तिथून निघालेल्या साध्या पतंगाशी जोडी जमते, आणि त्यांची पिल्ले बहुधा बीटी खाऊन मरतात. साधा कापूस नसेल, तर वाचलेल्याची जोडी वाचलेल्याशीच जमते आणि तो वंश वाढतो. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी मिळत असे. ती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रावर, जे जास्त असेल तितकी लावायची होती. ती पुडी धुऱ्यावर गेली. दोन-तीन एकरवाल्याला पाच ओळी अळीला दान देणे परवडणारे नव्हते, आणि त्या ओळींची भरपाई द्यावी असे कुणाला वाटले नाही. त्यातच बीटी बहुतेक सगळी संकरित वाणांत आली आणि आपण ती लांबवत नेली. जितक्या जास्त पिढ्या, तितकी जास्त निवड.

एक दाखला

गुलाबी अळीचे वर्णन १८४३ साली झाले, ते हिंदुस्थानातल्या कापसावरून. पुढे सरकीत झोपलेली ही अळी जहाजाने इजिप्तला गेली, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. चार खात्यांतले आवकेचे खाते किती लांबचे असते, ते यावरून कळावे.

त्याच अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचे जाहीर केले. एका औषधाने नाही. त्यांनी बीटी लावली आणि तिच्यासोबत साधा कापूसही लावला. ठरलेल्या तारखेआधी पऱ्हाट्या कापून जमिनीत गाडल्या. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेले नपुंसक पतंग अब्जावधींनी सोडले, म्हणजे शेतातल्या पतंगाला मिळणारा जोडीदार बहुधा वांझ. जीव फार विरळ झाला की त्याला जोडीदार सापडत नाही आणि उरलेलेही संपतात. खर्चाचा मोठा वाटा तिथल्या कापूस उत्पादकांनी एकत्र येऊन उचलला.

तिथला एक शेतकरी म्हणजे आपले एक गाव. त्याच्या एका निर्णयाने हजार एकरांचा हंगाम बंद होतो. आपल्याकडे हजार एकरांवर तीन-चारशे घरांचे निर्णय असतात, आणि पतंगाला धुरा दिसत नाही. पऱ्हाटी तुम्ही वेळेवर उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर तुमचे श्रम त्याच्या अळीने खाल्ले.

फरदड

आता अवघड विषयाकडे येतो. फरदड.

शेतकरी फरदड अज्ञानाने ठेवत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस उसनवारीत जातो, दुसरीचा कर्जात. फरदडीचे एक-दोन क्विंटल हाच काय तो हातात राहणारा पैसा. ज्याच्याकडे थोडे पाणी आहे, तो हा पैसा का सोडेल? "फरदड घेऊ नका" असे पत्रक काढणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे. डिसेंबराच्या आत रान रिकामे करायला सांगता, तर खरेदी केंद्रे त्याआधी उघडा, आणि हरभऱ्याचे बियाणे वेळेत द्या.

पण हेही आपसात बोलले पाहिजे. फरदड ठेवतो ओलिताचा शेतकरी. तिची किंमत देतो कोरडवाहू शेतकरी, पुढच्या वर्षी, कवडी कापसात. आणि कोरडवाहू शेतकरीही सुटत नाही. सरपणाला म्हणून रचलेल्या आपल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, वाळलेल्या बोंडांत, तीच अळी झोपलेली असते. एकाचा दोन क्विंटलचा फायदा आणि शंभरांचे एकरी नुकसान, हा व्यवहार गावाला परवडत नाही. तो मोडायचा असेल, तर फरदड सोडणाऱ्याला गावाने काय द्यायचे, हेही गावानेच ठरवावे.

माल्थसचे गणित माणसालाही लावले गेले. गरिबाला पोरे फार, म्हणून तो गरीब, असे सांगणारे अजूनही भेटतात. त्यांना आकडा सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एका बाईमागे सरासरी २.० मुले, महाराष्ट्रात १.७. कुठलाही दुष्काळ यायच्या आधी घराघराने विचार करून हे केले. माणसात आणि अळीत फरक तो हा. अळीला कडबा संपल्यावरच थांबता येते. आपल्याला ठरवून थांबता येते.

बैठकीने काय ठरवावे

म्हणून आमची बैठकीला सूचना अशी. प्रत्येक गावाने ग्रामसभेत पुढील गोष्टी ठरवाव्यात आणि लेखी ठेवाव्यात.

एक : मे महिन्यात कापूस लावायचा नाही. सगळ्या गावाचा पेरा पावसावर, आणि शक्य तितका एकदम.

दोन : लवकर येणारे वाण निवडायचे, म्हणजे साखळीची शेवटची पिढी आपोआप तुटते.

तीन : पात्या धरल्यापासून एकरी दोन कामगंध सापळे. जिनिंगच्या आवारातही सापळे लावायचा आग्रह धरायचा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोन किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची. ही मोजणी बायांच्या हाती द्या. बोंड रोज त्यांच्याच हातात असते, अळी पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

चार : उलंगवाडी सगळ्या गावाची एका तारखेला, डिसेंबर संपायच्या आत. मग मेंढ्या-शेळ्या चारायच्या, पऱ्हाटी उपटायची, खोल नांगरट करायची. सरपणाच्या पऱ्हाट्या बोंडे झाडून घेतल्याशिवाय घरी आणायच्या नाहीत.

एका वर्षात अळी संपणार नाही. पण दहाचा गुणाकार पाचाचा झाला, आणि पाच पिढ्यांच्या चार झाल्या, तर हिशेब स्वतः करून पाहा. लाखाचे सहाशे पंचवीस होतात. पाटी-पेन्सिल घेऊन घरी मांडा, पोरांकडून मांडून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या सापळ्यांचे आकडे वहीत लिहून आणावेत. उलंगवाडीची तारीखही त्याच वहीत असावी. आता चहा घेऊ, आणि मग भावाकडे वळू.